डोक्यावर तांबं, पायांत शिसं

२९ ऑगस्ट १७८२. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टस्मथसमोर, स्पिटहेडच्या पाण्यात 'रॉयल जॉर्ज' ही शंभर तोफांची युद्धनौका नांगर टाकून उभी होती. किरकोळ दुरुस्तीसाठी तिला मुद्दाम एका कुशीवर कलवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या खिडक्या उघड्याच होत्या. कल वाढला, खिडक्यांतून पाणी आत घुसलं आणि पाहता पाहता जहाज तळाला गेलं. खलाशी, अधिकारी आणि त्यांना भेटायला आलेली बायकामुलं मिळून ९०० च्या आसपास माणसं बुडाली. अ‍ॅडमिरल केम्पेनफेल्ट त्यांतच गेले.

बुडाल्या जागी पाणी फार खोल नव्हतं, वीसेक मीटर असेल. तरीही ब्रिटिश आरमाराच्या गजबजलेल्या नांगरतळावर तो सांगाडा पुढे पन्नासहून अधिक वर्षं तसाच पडून राहिला. जहाजांना त्याचा सतत अडथळा होई. आतल्या तोफांची किंमत सगळ्यांना ठाऊक होती, पण तळाशी उतरून, दोन्ही हात मोकळे ठेवून, तासन्‌तास काम करू शकेल असा माणूस कुणाकडेच नव्हता. ही अडचण सुटली ती तांब्याच्या एका शिरस्त्राणामुळे. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं जगभरचे पाणबुडे तेच डोक्यावर चढवून समुद्रात उतरले. त्याची जागा आजच्या फायबरग्लासच्या हेल्मेटने कशी घेतली, आणि त्या प्रवासात पाण्याखालच्या धोक्यांची माहिती कोणी शोधली, कोणी वाटली, कोणी दडवली, हे समजून घेतलं तरच या दोन्ही वस्तूंची खरी तुलना होते.

मुळात अडचण होती ती दाबाची. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर माणसाच्या अंगावर जमिनीवरच्या तिप्पट दाब असतो. अशा ठिकाणी पाण्याबाहेर काढलेल्या साध्या नळीने श्वास घेता येत नाही, कारण बाहेरचं पाणी छाती दाबून धरतं आणि फुप्फुसं फुलतच नाहीत. आत जाणारी हवाही भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवी. एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने सतराव्या शतकाच्या शेवटी डायव्हिंग बेल, म्हणजे तळाशी उघडी, हवेने भरलेली घंटा वापरून हे साधलं होतं. पण ती अवजड घंटा दोरांनी खाली सोडावी लागे आणि काम तिच्या आवाक्यातच उरकावं लागे. घंटा माणसाच्या डोक्याएवढी झाली तरच त्याला तळावर चालता येणार होतं.

ती डोक्याएवढी झाली आगीच्या निमित्ताने. चार्ल्स आणि जॉन डीन या इंग्लिश भावांपैकी चार्ल्सने १८२३ मध्ये धुराने भरलेल्या जागेत शिरण्यासाठी एका शिरस्त्राणाचं पेटंट घेतलं. तांब्याचा टोप, त्याला जोडलेली नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला हवा ढकलणारा भाता. आगीच्या कामासाठी त्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा दोघा भावांनी तेच यंत्र पाण्याकडे वळवलं. १८३०च्या सुमारास त्यांच्यासाठी शिरस्त्राणं घडवली ती ऑगस्टस सीबे या कारागिराने. सीबे मूळचे सॅक्सनीचे. प्रशियाच्या तोफखान्यात नोकरी करून ते लंडनला आले होते आणि सोहो भागातल्या डेन्मार्क स्ट्रीटवर त्यांचा कारखाना होता.

१८३४ मध्ये डीन बंधू 'रॉयल जॉर्ज'वर उतरले आणि तोफा वर काढू लागले. दोन वर्षांनी जवळच्याच पाण्यात कोळ्यांची जाळी कशात तरी अडकत होती. ती सोडवायला जॉन डीन खाली गेले आणि त्यांना आठव्या हेन्रीची, १५४५ मध्ये बुडालेली 'मेरी रोझ' सापडली. ही पहिली शिरस्त्राणं मात्र खालून उघडी होती. टोपाला जोडलेला अंगरखा कमरेपाशी सुटा असे आणि जादा हवा त्याखालून बाहेर पडे. पाणबुड्या ताठ उभा असेपर्यंत सगळं ठीक. तो वाकला किंवा पडला, की पाणी थेट तोंडापर्यंत. सीबेंनी शिरस्त्राण गळ्यापासून पायापर्यंतच्या जलाभेद्य पोशाखाला घट्ट जोडलं आणि हवा बाहेर जायला झडप ठेवली. १८३०च्या दशकाच्या अखेरीस हा बंदिस्त पोशाख तयार झाला.

त्याची खरी परीक्षा १८३९ मध्ये सुरू झाली. रॉयल इंजिनिअर्सचे कर्नल चार्ल्स पॅस्ली यांच्यावर 'रॉयल जॉर्ज'चा सांगाडा कायमचा हलवण्याची कामगिरी सोपवली गेली. पुढे १८४३ पर्यंत त्यांच्या सैनिकांनी तळाशी दारूची पिंपं लावून जहाज फोडलं आणि त्याचे तुकडे दोर बांधून वर पाठवले. एका स्फोटाने तर किनाऱ्यावरच्या पोर्टस्मथ आणि गॉस्पोर्टमधल्या घरांच्या काचा तडकल्या.

शिस्तीच्या लष्करी माणसाप्रमाणे पॅस्लींनी काय घडतंय याची नोंद ठेवली, आणि पाण्याखालच्या कामाचे पहिले धडे त्या नोंदींतून मिळाले. पाणबुड्यांनी जोडीने काम करावं ही पद्धत तिथेच सुरू झाली. विल्यम्स नावाच्या एका सैनिकाची हवेची नळी पाण्याच्या वरच्या बाजूला फुटली. शिरस्त्राणातली दाबाखालची हवा त्याच नळीतून उलटी वर पळाली, आत पोकळी झाली आणि भोवतालच्या पाण्याने त्याचं अंग त्या ताठ तांब्यात वर रेटलं. चेहरा आणि मान सुजून रक्ताळली. तो वाचला, पण पुढे असे कित्येक जण वाचले नाहीत. यावर उपाय साधा होता. हवा आत येऊ देईल पण परत जाऊ देणार नाही अशी, एकाच दिशेने उघडणारी झडप नळीच्या तोंडाशी बसवायची. आज कोणत्याही व्यावसायिक पाणबुड्याच्या हेल्मेटवर ती असते आणि पाण्यात उतरण्याआधी तपासली जाते.

पॅस्लींनी आणखी एक गोष्ट टिपली. दिवसाचे सहा-सात तास तळाशी राबणाऱ्या त्यांच्या पाणबुड्यांना सर्दीने आणि सांधेदुखीने घेरलं होतं. तो संधिवात असावा असं सगळ्यांनी धरून चाललं. त्या दुखण्याचं खरं कारण कळायला अजून चाळीस वर्षं जायची होती.

या पोशाखात माणूस कसा शिरे ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी लोकरीचे जाड कपडे आणि लोकरी टोपी. मग रबर आणि कॅनव्हासचा पोशाख. तो गळ्यातून आत शिरूनच घालावा लागे, म्हणून दोन मदतनीस गळ्याची रबरी पट्टी ताणून धरत. मनगटाचे रबरी कफ इतके घट्ट असत, की हाताला साबणाचं पाणी लावल्याशिवाय ते चढत नसत. त्यानंतर खांद्यांवर तांब्याचा गळपट्टा बसे. त्याचे खिळे पोशाखाच्या रबरी कडेच्या भोकांतून वर काढायचे, त्यावर पितळी पट्ट्या ठेवायच्या आणि पान्याने नट आवळायचे. पायांत शिशाच्या तळाचे बूट, एकेक आठ-नऊ किलोचा. छातीवर आणि पाठीवर शिशाची वजनं. शेवटी शिरस्त्राण डोक्यावर ठेवून एक अष्टमांश वळसा दिला, की ते गळपट्ट्यात अडके. अमेरिकन आरमाराने १९१६ मध्ये घेतलेल्या 'मार्क फाइव्ह' या नमुन्यात शिरस्त्राण आणि गळपट्टा मिळून सुमारे २५ किलो भरत आणि सगळा साज ८५ किलोंच्या वर जाई. पंप सुरू झाला, हवा येऊ लागली, की समोरची काच बसवली जाई. मदतनिसाने टोपावर थाप मारली म्हणजे उतरायला परवानगी.

खाली गेल्यावर त्याचा जीव तीन गोष्टींवर टांगलेला असे. पहिली, वर पंपाचं चाक फिरवणारी माणसं. दुसरी, कमरेचा दोर. टेलिफोन येण्याआधी त्याला दिलेल्या हिसक्यांच्या खुणांनीच बोलणं होई. तिसरी, बाहेर जाणाऱ्या हवेची झडप. ती जास्त आवळली तर पोशाख फुगून पाणबुड्या हातपाय ताठ पसरलेल्या अवस्थेत वर फेकला जाई. जास्त सैल सोडली तर पोशाख अंगाला चिकटे आणि तो जड होऊन खाली जाई. हाताने आणि डोक्याच्या धक्क्याने ती झडप सारखी जुळवत राहणं हेच या कामातलं कसब होतं.

एवढा अवजड साज इतकी वर्षं टिकला, कारण तो त्या कामाला योग्य होता. पुलाच्या पायाशी, गोदीच्या भिंतीशी, भरतीच्या प्रवाहात पाय रोवून उभं राहायला वजन हवंच असतं. अंग कोरडं आणि उबदार राही. पंप क्षणभर थांबला तरी टोपात आणि पोशाखात थोडी हवा शिल्लक असे. त्यात नाजूक असं काही नव्हतं. कोणत्याही बंदरातला कारागीर तो दुरुस्त करू शके.

हा साज स्वस्त आणि सोपा झाला, तसा तो अशा हातांत गेला ज्यांना त्याच्या धोक्याची कल्पना नव्हती. १८६०च्या दशकात तो ग्रीक बेटांवर पोचला. सिमी आणि कालिम्नोसचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या हातात दगड धरून, एका दमात तळाशी जाऊन स्पंज काढत. शिरस्त्राण आल्यावर ते तितक्याच खोलीवर तासभर राहू लागले आणि दिवसातून अनेकदा उतरू लागले. कमाई वाढली, आणि वर आल्यावर पाय लुळे पडणाऱ्यांची, मरणाऱ्यांची संख्याही वाढली. कालिम्नोसवर आजही एक नाच होतो. त्यात नाचणारा काठीच्या आधाराने, थरथरत्या पायांनी लुळ्या पाणबुड्याची चाल करून दाखवतो. १९०० मध्ये सिमीच्याच स्पंजवाल्यांना अँटिकिथेरा बेटाजवळ सुमारे ४५ मीटर खोलीवर प्राचीन जहाज सापडलं. त्यातून ब्राँझच्या मूर्ती आणि ग्रहताऱ्यांच्या गतीचं गणित करणारं ते प्रसिद्ध दातेरी चाकांचं यंत्र वर आलं. त्या कामात एक पाणबुड्या मेला आणि दोघे कायमचे अधू झाले.

हे दुखणं पाण्यापुरतं नव्हतं. नदीतळाशी पुलाचा पाया घालताना दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत मजूर उतरवत, त्यांनाही ते होई. पोल आणि वॅटेल या फ्रेंच डॉक्टरांनी १८५४ मध्येच लिहून ठेवलं होतं, की दाबात असताना माणसाला काही होत नाही, त्रास होतो तो दाबातून बाहेर पडल्यावर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच दुखण्याने अंथरुणाला खिळले आणि कामाचा व्यवहार त्यांच्या पत्नी एमिली यांनी सांभाळला. कारण शोधलं फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. माणूस घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे सुटतात. सांध्यांत अडकले तर वेदना, मज्जारज्जूत अडकले तर पांगळेपण, हृदय-फुप्फुसांत साचले तर मृत्यू. बेर यांनी हे १८७८ मध्ये प्रसिद्ध केलं. पॅस्लींच्या सैनिकांचा 'संधिवात' तो हाच.

कारण कळलं, पण नेमकं किती सावकाश वर यायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. ते काम ब्रिटिश आरमाराने स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्यावर सोपवलं. हॉल्डेननी आधी वेगळाच घोळ उलगडला. खोलवर गेलेले पाणबुडे धापा टाकत आणि भोवळ येऊन काम सोडत. हॉल्डेननी दाखवलं, की टोपात त्यांचाच उच्छ्वास साचतो आहे. दाब वाढला की पंपाने लोटलेली हवा आकुंचते, त्यामुळे टोप धुऊन निघत नाही. साठ मीटरवर दाब सातपट असतो, म्हणजे तिथे पाणबुड्याला पृष्ठभागावरच्या सातपट हवा पंपाने लोटायला हवी. एवढ्या हिशेबाने आणि चांगल्या पंपांनी खोलीची मर्यादा एकदम वाढली. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या एका सागरी खाडीत डॅमंट आणि कॅटो हे दोन आरमारी पाणबुडे २१० फुटांवर, म्हणजे ६४ मीटरवर जाऊन आले.

दुसरा प्रश्न होता वर येण्याचा. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या दाबाच्या टाकीत हॉल्डेननी शेळ्या ठेवल्या. वेगवेगळ्या दाबातून बाहेर काढल्यावर कोणती शेळी पाय आखडते, कोणती लंगडते हे त्यांनी तासन्‌तास पाहिलं. दाब निम्म्यावर आणला तर बहुधा इजा होत नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून पाणबुड्याने सलग वर न येता टप्प्याटप्प्याने थांबत यावं, आणि कोणत्या खोलीवरून किती वेळाने आल्यास कुठे किती मिनिटं थांबावं याचे तक्ते असावेत. बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह हॉल्डेननी हा सगळा अभ्यास १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. इथे पद्धत जितकी महत्त्वाची, तितकंच तिचं खुलेपण. आरमारासाठी केलेलं काम आकड्यांसकट जगापुढे ठेवलं गेलं आणि देशोदेशींच्या पाणबुड्यांना त्याचा उपयोग झाला.

त्याचा पुरावा खुद्द डॅमंट यांनीच दिला. जानेवारी १९१७ मध्ये 'लॉरेंटिक' हे ब्रिटिश जहाज सोन्याच्या ३,२११ विटा घेऊन आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ सुरुंगावर आदळून बुडालं. सुमारे चाळीस मीटर खोल, वादळी, थंड पाणी. डॅमंट आणि त्यांच्या माणसांनी १९२४ पर्यंत त्यातल्या ३,१८६ विटा वर आणल्या. हजारो वेळा पाणबुडे खाली गेले आणि त्यांतला एकही दगावला नाही. शिरस्त्राण तेच जुनं होतं. फरक होता तो तक्त्यांचा आणि ते काटेकोर पाळणाऱ्या अधिकाऱ्याचा.

तांब्याचा टोप खऱ्या अर्थाने थिटा पडला तो त्याहून खोल पाण्यात. साठ-सत्तर मीटरच्या पुढे दाबाखालचा नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि माणसाला साधी गाठही सोडवता येत नाही. उत्तर होतं हेलियम. मे १९३९ मध्ये अमेरिकेची 'स्क्वालस' ही पाणबुडी ७४ मीटरवर बुडाली. मॅकॅन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बचाव-घंटेतून ३३ जणांना जिवंत बाहेर काढलं गेलं, आणि पुढे पाणबुडी वर काढताना पाणबुड्यांनी हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण वापरलं. डोकं ताळ्यावर राहिलं. पण हेलियम महाग आणि दुर्मीळ. तांब्याच्या टोपातून हवा सतत वाहती ठेवावी लागते. साध्या हवेचं ते चाललं, हेलियम असं बुडबुड्यांत उधळणं परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेल कंपन्या किनारा सोडून समुद्रात उतरल्या. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या आखातात पाणबुड्यांचं काम पालटलं. आता त्यांना लोखंडी खांबांच्या जाळ्यात वरखाली, आडवं-उभं होऊन बोल्ट आवळायचे होते, वेल्डिंग करायचं होतं. शिशाचे बूट तिथे अडचण ठरले. लुईझियानाच्या जो सॅव्हॉय यांनी गळ्याशी रबरी पट्टीने बंद होणारं, पोशाखापासून सुटं हेल्मेट बनवलं. पाणबुड्या फाटक्या पोशाखातही बुडू नये हा त्यामागचा विचार होता. त्याचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, असं या व्यवसायातली माणसं आजही आदराने सांगतात. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या बॉब कर्बी आणि बेव मॉर्गन यांनी १९७०च्या दशकात फायबरग्लासचं 'सुपरलाइट' हेल्मेट आणलं आणि ते जगभर रूढ झालं.

हे हेल्मेट हातात घेतलं तर सुमारे बारा किलोचं भरतं, पाण्यात त्याचं वजन जवळजवळ जाणवत नाही. ते डोक्यासोबत वळतं. श्वास ओढला तेवढाच वायू आत सोडणारी झडप समोर असते, म्हणून महागडा हेलियम वाया जात नाही. नाकातोंडावरचा छोटा रबरी मुखवटा उच्छ्वास टोपात साचू देत नाही. हॉल्डेनचा धडा इथे असा उतरला आहे. कडेला दुसरी एक झडप असते. वरून येणारा पुरवठा तुटला, तर ती फिरवून पाठीवरच्या राखीव सिलिंडरमधून श्वास घ्यायचा. वरच्या जहाजाला जोडणाऱ्या जाड केबलमध्ये वायूची नळी, टेलिफोनची तार, दिव्याची आणि कॅमेऱ्याची वीज, खोली मोजणारी बारीक नळी आणि गरम पाण्याचा पाइप असे सगळे पदर एकत्र असतात. हेलियम शरीराची उष्णता झपाट्याने ओढून घेतो, म्हणून पोशाखातून सतत गरम पाणी खेळवतात. जुन्या साजाशी हे सगळं ताडून पाहिलं तर एकेका भागामागे एकेक अपघात दिसतो.

त्याच काळात काम करण्याची पद्धतही बदलली. ठरावीक दाबात शरीर वायूने पूर्ण भरलं, की पुढे कितीही दिवस राहिलं तरी वर यायला लागणारा वेळ वाढत नाही. अमेरिकन आरमाराचे डॉक्टर जॉर्ज बॉन्ड यांनी हे तत्त्व प्रयोगांनी सिद्ध केलं. १९६५ मध्ये व्हर्जिनियातल्या स्मिथ माउंटन धरणावर ते पहिल्यांदा धंद्याच्या कामात वापरलं गेलं. आज पाणबुडे जहाजावरच्या दाबबंद खोल्यांत अनेक आठवडे राहतात, घंटेतून कामावर जातात आणि परत त्याच दाबात येऊन झोपतात. शेवटी एकदाच त्यांना दिवसांच्या हिशेबाने सावकाश बाहेर काढतात. १९८८ मध्ये फ्रान्सच्या कोमेक्स कंपनीचे पाणबुडे अशा रीतीने ५३४ मीटरवर खुल्या समुद्रात काम करून आले.

एवढ्या प्रगतीनंतर पाणबुडे सुरक्षित व्हायला हवे होते. उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर घडलं ते उलट. १९७०च्या दशकात घाई प्रचंड होती, स्पर्धा होती आणि दाब उतरवण्याचे तक्ते कंपन्यांनी व्यापारी गुपित करून ठेवले. कुणाचा पाणबुड्या लवकर बाहेर येतो यावर कंत्राटं ठरत. १९०८ मध्ये जे ज्ञान जगाला मोफत वाटलं गेलं, त्याची पुढची पानं सत्तर वर्षांनी कुलपात गेली. ५ नोव्हेंबर १९८३ रोजी नॉर्वेच्या पाण्यात 'बायफर्ड डॉल्फिन' या तेलमनोऱ्यावर घंटा आणि दाबाची खोली यांना जोडणारी पकड दार बंद होण्याआधीच सुटली. नऊ वातावरणांचा दाब क्षणात एकावर आला. चार पाणबुडे आणि बाहेरचा एक मदतनीस जागीच गेले. कित्येक जुने पाणबुडे पुढे मज्जासंस्थेचे आणि फुप्फुसांचे विकार घेऊन जगले. नॉर्वेच्या अशा काही पाणबुड्यांच्या दाव्यात युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये निकाल दिला: त्या तक्त्यांतल्या धोक्याची माहिती पाणबुड्यांपर्यंत पोचेल याची खात्री सरकारने करून घ्यायला हवी होती, ती केली नाही.

या इतिहासाचं एक पान आपल्या किनाऱ्यावरही लिहिलं गेलं आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या ड्रिलिंग रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं आणि पाठोपाठ उरणपर्यंत समुद्रतळाशी वाहिन्या आल्या. 'मुंबई हाय' नावाच्या या तेलक्षेत्रातल्या वाहिन्यांची आणि खांबांची देखभाल पाणबुडेच करतात. २७ जुलै २००५ रोजी, ऐन पावसाळ्यात, एका जखमी आचाऱ्याला उपचारासाठी नेण्याच्या खटपटीत 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हाय नॉर्थच्या मनोऱ्याला धडकलं. वायूवाहिनी फुटली, आग भडकली आणि दोन तासांच्या आत मनोरा कोसळला. मृत आणि बेपत्ता मिळून २२ जण गेले. जहाजालाही आग लागली. त्या जहाजावरच्या दाबबंद खोल्यांत त्या वेळी सहा पाणबुडे होते. इतरांसारखी पाण्यात उडी मारून ते जीव वाचवू शकत नव्हते, कारण दार उघडणं म्हणजे मृत्यू. ३६ तासांनी त्यांची सुटका झाली.

आधुनिक साजाची ताकद आणि मर्यादा दोन्ही एका घटनेत दिसतात. १८ सप्टेंबर २०१२ रोजी उत्तर समुद्रात सुमारे ९० मीटरवर ख्रिस लेमन्स हे पाणबुडे काम करत असताना वरच्या जहाजाची जागा धरून ठेवणारी संगणक-यंत्रणा बंद पडली. जहाज वाहत गेलं आणि केबल तुटली. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये काही मिनिटांचाच वायू होता. सुमारे अर्धा तास ते बर्फाळ काळोखात वायूशिवाय पडून होते. जहाजावरच्या लोकांनी यंत्रणा पुन्हा चालू केली, सहकाऱ्याने त्यांना उचलून घंटेत आणलं, दुसऱ्याने तोंडाने श्वास दिला आणि ते शुद्धीवर आले. दुसऱ्या वायूपुरवठ्याची सोय नसलेल्या जुन्या टोपात नळी तुटणाऱ्याकडे टोपात आणि पोशाखात उरलेल्या हवेपलीकडे काहीच नसे. पण शेवटी लेमन्सना वाचवलं ते वर आणि खाली न घाबरता काम करणाऱ्या माणसांनी.

दोन्ही साजांची तुलना करून निकाल द्यायचा, तर तो असा. आजचं हेल्मेट हलकं आहे, सुरक्षित आहे, शेकडो मीटरवर काम करू देतं. तांब्याच्या टोपाकडे परत जायचं काही कारण नाही. पण दोघांतही पाणबुड्या एका नळीने वरच्या जगाला बांधलेला आहे आणि ती नळी सांभाळणाऱ्यांवर त्याचा जीव अवलंबून आहे. प्रत्येक वेळी मृत्यू कमी झाले ते कुणीतरी अपघाताची नोंद ठेवली, कारण शोधलं आणि ते सगळ्यांना सांगितलं तेव्हा. मुंबई हायच्या तळाशी आज काम करणाऱ्या पाणबुड्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, पण आपल्या घरातल्या गॅसमध्ये त्यांची मेहनत असते. त्यांच्या बाबतीत जो अपघात होईल, थोडक्यात टळलेलासुद्धा, त्याचा संपूर्ण अहवाल जाहीर झाला पाहिजे. कंत्राटदाराने तो दाबून ठेवू नये आणि सरकारने तसं करू देऊ नये. पुढच्या पाणबुड्याला नव्या हेल्मेटइतकीच त्या अहवालाची गरज आहे.